गौरीच्या वाटेवरचं शेवाळ

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कानडी मुलखातल्या केलगेरीच्या घरात सून म्हणून आले. घरामागं फणसाची दाट सावली. तिथं शेवंती मान टाकायची, म्हणून मी शेवाळ लावलं. तळ्याकाठच्या जुन्या भिंतीवरून मखमली तुकडे डब्यातून आणले. विहिरीपासून मागच्या दारापर्यंतच्या फरशीवर मातीचा लेप देऊन ते तळहातानं दाबून बसवले. रोज पडलेली पानं वेचायची, उन्हाळ्यात दोन्ही वेळा पाणी शिंपडायचं. सासूबाई म्हणायच्या, "लोक शेवाळ काढायला बाई लावतात, आमच्या सूनबाई त्याला न्हाऊमाखू घालतात!"

खरा पेच भाद्रपदात पडला. आमच्याकडं खड्यांच्या गौरी. सुनेनं विहिरीपाशी खडे ताम्हणात घ्यायचे आणि घरापर्यंत मुक्यानं यायचं, मागं वळून बघायचं नाही. "त्या वाटेवर गौर हातातून पडली, तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "सगळं खरवडून टाकते."

मी हट्टाला पेटले. "आई, घसरतं ते बुळबुळीत शेवाळ वेगळं. यात पाय रुततो."

"रुततो म्हणे! बघूच."

शेवटी तह झाला. वाटेची उजवी बाजू त्यांनी सोडा टाकून, काथ्यानं घासून लख्ख करवली. डावी माझी. मी डावीकडूनच गौर आणायची. पाऊल जरा घसरलं, की दुसऱ्या दिवशी माझ्या शेवाळावर काथ्या फिरणार.

गौरीच्या दिवशी सकाळपासून झिमझिम होती. मी ताम्हण घेऊन निघाले. मनात गौरीपेक्षा शेवाळाचाच धावा जास्त. सासूबाई माझ्या एक पाऊल मागं, त्यांच्या लख्ख बाजूनं, घंटा वाजवत आणि नजर माझ्या टाचांवर ठेवून. दार जवळ आलं. तेवढ्यात घंटा ठणकन वाजली आणि थांबली. पाठोपाठ धप्प!

बोलायचं नाही, वळायचं नाही. हसायचं नाही असं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ताम्हणातले खडे खुळखुळायला लागले.

"मागं बघू नकोस!" खालून हुकूम आला. "आधी गौर आत ने!"

त्या क्षणी मला त्या फार आवडल्या.

गौर पाटावर बसली. सासऱ्यांनी सासूबाईंना उठवलं. लागलं काही नव्हतं, पण साडीला मागं सोड्याचा पांढरा डाग पडला होता. आरतीला आलेल्या शेजारच्या अक्कांनी तो कशाचा, हे नेमकं विचारलं. "गौरीला लोटांगण घातलं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. पाठीवर कसं घातलं, हे अक्कांनी विचारलं नाही. मी पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघर गाठलं.

दुसऱ्या दिवशी वाटेवर कुणीतरी घसरल्याचं ऐकून कामवाली बाई काथ्या घेऊन माझ्या बाजूला वळली. मी अडवायला पुढं झाले. इतक्यात खिडकीतून सासूबाई तिच्यावर कानडीत कडाडल्या, "अदन्न मुट्टब्याड!" हात लावू नकोस!

मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "माझ्या बाजूलाही लाव ते. पुढच्या वर्षी घंटा घेऊन मलाच यायचंय."