निरभ्र दिवसाचं चित्र

“पडीक म्हनं. मग माझी शेरडं काय वारा खात्यात व्हय?” शेळ्या राखणाऱ्या मावशी हे शेजारच्या बाईला म्हणाल्या, पण ऐकू मलाही आलं.

उपग्रहाच्या चित्रावरून आम्ही ऑफिसात नकाशा रंगवला होता. तो जमिनीशी जुळतो का, हे पाहायला सर आणि मी या माळावर आलो होतो. चित्रात माळ तपकिरी होता, समोरही तपकिरीच. “जुळलं. पडीक टाक आणि चल,” म्हणत सर जीपकडे गेले. टॅब माझ्या हातात होता. पडीक लिहिलेली जमीन उद्या कुणालाही देऊन टाकता येते, हे मला माहीत होतं.

एक गोष्ट मघापासून टोचत होती. पावसाळ्यात ढग आड येतात म्हणून आम्ही चित्र मे महिन्यातलं घेतलं, आणि पावसाळ्यात रस्ता राहत नाही म्हणून आलोही मे महिन्यातच. मग हा माळ हिरवा असताना आमच्यापैकी पाहिला कुणी? शाळेत माझंही असंच व्हायचं. मी गप्प असायचे, तेव्हा हिला काही येत नाही असं ठरवून बाई पुढच्या बाकाकडे वळायच्या. पायाशी गवताची कुरतडलेली खुंटं होती आणि त्यांच्यात ताज्या लेंड्या.

सरांनी हॉर्न वाजवला. माझं बोट पडद्याजवळ गेलं, मागे आलं, पुन्हा गेलं. मावशी माझ्याकडेच बघत होत्या.

“सर, हे चराऊ रान आहे,” मी म्हणाले. “मी पडीक टाकणार नाही.”