झेंडूच्या माळेतलं तांब्याचं बोंड

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भरदुपारी, एका जमीनदाराच्या ड्रायव्हरवर अन्याय झाला. कळमनुरीच्या रस्त्यावर, बाजाराला निघालेल्या माणसांदेखत. मी पत्रकं वाटत डोंगरकड्याकडून येत होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं.

मोटार जुनी. इंजिन उकळून बंद पडलेलं. जमीनदार ओरडत होते, "तांड्यावरच्याला बैलं हाकायची अक्कल, मोटार काय सांभाळणार! झोपला होतास काय रे? उद्यापासून येऊ नकोस."

"मालक, सुई पाहूनच चालवून राहिलो," ड्रायव्हर म्हणाला. "सुई थंडच दाखवत व्हती."

"म्हणजे सुई खोटी अन् तू खरा?"

लोक हसले आणि बाजाराच्या वाटेला लागले. मी मात्र थांबलो. नांदेडला मोटार दुरुस्तीच्या दुकानात मी काही महिने काढले होते. इंजिन किती तापलं ते दाखवणाऱ्या सुईमागून तांब्याची बारीक नळी निघते. तिच्या टोकाला बोंडासारखा गोळा असतो. तो इंजिनाच्या माथ्यावरच्या भोकातून गरम पाण्यात बुडालेला पाहिजे, तरच सुई चढते. मी आणि ड्रायव्हर नळीवरून बोट फिरवत निघालो. भोकात लाकडी खुंटी ठोकलेली! बोंड बाजूला, झेंडूच्या माळेत सुतानं बांधलेलं, चिंचेनं घासून लख्ख, वर हळदकुंकू.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

जमीनदारांचे धाकटे भाऊ शेजारीच उभे होते. "खंडेनवमीला पूजा केली आमी. हा तांड्यावर गेला व्हता सणाला. पूजलेली वस्तू घाण पाण्यात काहून बुडवायची?"

"मग देव्हाऱ्यातच ठेवायची व्हती की, दादासाहेब!" मागं राहिलेली एक म्हातारी म्हणाली.

इंजिन निवल्यावर आम्ही खुंटी उपटली, बोंड बसवलं, पाणी भरलं. मोटार सुरू केली तशी सुई हळूहळू चढली. जमीनदार म्हणाले, "बरं, बस. चल."

"मालक, लोकांसमोर बोलला तुमी मला."

"बस म्हणलं ना!"

नोकरी राहिली. नाव गेलं. संध्याकाळी बाजारात त्याला जो तो विचारत होता, "काय रे, झोप झाली का?"

तुमच्या गाडीवरच्या माणसाला तुम्ही चारचौघांत असं खोटं पाडलं असेल, तर घरात बोलावून पाठीवर हात फिरवू नका. येत्या बाजाराला त्याच माणसांसमोर उभे राहा आणि मोठ्यानं सांगा: चूक माझी होती.