फौजी सर आणि प्रमिलाबाईंनी दिलेला शब्द

सरांच्या तेराव्याचा, गंधमुक्तीचा कार्यक्रम आटोपला, शेवटचे पाहुणे दोंडाईचा स्टेशनाच्या वाटेला लागले, तेव्हा कुठे प्रमिलाबाईंनी भिंतीला पाठ टेकली. तेरा दिवस दारावर येणाऱ्यांची रीघ होती. जो तो सांगून जाई, फौजी सरांसारखा माणूस होणे नाही. त्या मान हलवत. त्यात खोटं काही नव्हतं. पण अशा माणसाबरोबर तीस वर्षं काढली की अंगातला जीव कसा पिळून निघतो, ते कुणी विचारलं नाही.

सरांचं नाव चिंधा बोरसे. आधीची तीन लेकरं दगावली, म्हणून आईने नजर लागू नये असं नाव ठेवलं. हे मात्र जगले. एकोणिसाव्या वर्षी फौजेत भरती झाले. लग्नाची सुट्टी संपवून गेले, त्यानंतर पत्रातून एकच ओळ यायची, ‘बठ्ठं बरं शे,’ सगळं ठीक आहे. एका हिवाळ्यात बर्फातल्या चौकीवर डाव्या पायाची चार बोटं गेली. त्या महिन्याच्या पत्रातही तीच ओळ होती.

सुट्टीवर आले तर पायातले मोजे काढेनात. धुवायला मागितले तरी देईनात. तिसऱ्या दिवशी दुपारी ते झोपलेले असताना प्रमिलाबाईंनी मोजे ओढून काढले आणि पलंगाच्या कडेला बसूनच राहिल्या. ते जागे झाल्यावर विचारलं, “लिहिलं का नाही?”

“लिहून बोटं उगवणार होती का?” एवढंच बोलून त्यांनी चहा मागितला.

पंधरा वर्षं भरल्यावर पेन्शन घेऊन ते परतले. पदवी नोकरीतच झाली होती. वर खेळाच्या शिक्षकाचं शिक्षण घेतलं आणि गावातल्या एका शाळेत लागले. शाळेचं मैदान अंगणाएवढं. म्हणून कापसाच्या जिनिंग मिलमागची पडीक जागा त्यांनी मागून घेतली, काटेरी झुडपं स्वतः तोडली आणि पहाटे पाचला मुलींना पळवायला लागले. बोटं नसलेला माणूस पळायला शिकवतो, याची लोकांनी आधी मजा पाहिली. पुढे तालुक्याच्या स्पर्धांत त्यांच्या मुली नंबर काढू लागल्या, तशी मजा थांबली.

त्यात गाद्या भरणाऱ्या सत्तारभाईंची सदफ होती. नववीतली, काटक पोर. जिल्ह्यात पहिली आली आणि पुढच्याच आठवड्यापासून मैदानावर दिसेना. सर दोनदा जाऊन आले. सत्तारभाईंनी चहा पाजला, पण होकार दिला नाही. मग सर घरी येऊन म्हणाले, “उद्या तू चल. मी बोलून भागायचं नाही.”

प्रमिलाबाईंची खरं तर इच्छा नव्हती. घरात सासू अंथरुणावर, मुलगा भूषण आठवीत, मुलगी सारिका लहान. तरी गेल्या. सत्तारभाईंच्या डोक्यावर कापसाचे तंतू बसलेले. ते मान खाली घालून गादीला टाके घालत राहिले. बोलली ती त्यांची बायको, हुस्नबानो.

“ताई, सरांवर भरवसा आहे. पण अंधारात पोरगी घराबाहेर पडते. तिथे बाईमाणूस कोण असतं? उद्या लोक आम्हालाच विचारतील.”

या बाईला उत्तर हवं होतं, आणि ते आपल्याकडेच आहे, हे प्रमिलाबाईंच्या लक्षात आलं.

“मी असेन,” त्या म्हणाल्या.

“रोज?”

“रोज.”

तो एक शब्द त्यांनी दहा वर्षं पाळला. चारला उठून सासूचं सगळं करायचं, भाकरी थापायच्या आणि पाचला शाल लपेटून मैदानाच्या कडेला जाऊन बसायचं. थंडीत गुडघे धरायचे. सदफ बारावी करून गेली, तरी दुसऱ्यांच्या मुली होत्याच. सर कधी ‘थकलीस का’ म्हणाले नाहीत. स्वतः न थकणाऱ्या माणसाला ते सुचत नसावं. त्याचा राग प्रमिलाबाईंना यायचा, आणि एखादी मुलगी धापा टाकत येऊन त्यांच्या मांडीवर डोकं टेकायची तेव्हा जायचाही.

भूषणचा राग मात्र गेला नाही. दहावीच्या परीक्षेत तो तापाने फणफणला होता आणि सर मुलींना घेऊन नागपूरला स्पर्धेत होते. “आबा गावाचे,” तो म्हणायचा, “आपले नाहीत.” पुढे पुण्याला नोकरी लागली आणि त्याचं येणं सणापुरतं उरलं.

एक्कावन्नाव्या वर्षी सरांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा अडखळली. मैदान सुटलं, आणि प्रमिलाबाईंची तीन वर्षं त्यांना उचलण्यात, पुसण्यात, भरवण्यात गेली. सदफ तोवर धुळ्याला पोलीस शिपाई झाली होती. साप्ताहिक सुट्टीला ती यायची, सरांना खुर्चीत बसवायची आणि प्रमिलाबाईंना दटावायची, “काकू, आत जाऊन झोपा. मी आहे.” त्या दोन तासांच्या झोपेवर त्यांचा आठवडा निघायचा.

गेल्या दिवाळीत भूषण सरांची दाढी करत होता. सर बराच वेळ ओठ हलवत होते. शेवटी शब्द फुटले, “तुला… ताप होता. मी… नव्हतो.”

भूषणचा हात थांबला. “आबा, बोलू नका. ब्लेड लागेल,” म्हणाला, पण त्यालाच दिसेना झालं. उरलेली दाढी प्रमिलाबाईंनी केली. त्यानंतर तो दर महिन्याला यायला लागला. पाच महिने मिळाले दोघांना.

आता मंडपवाला खुर्च्या उचलून नेत होता. सदफ आणि सारिका मोठी पातेली घासत होत्या. भूषण आईजवळ येऊन बसला.

“आई, पुण्याला चल. इथे एकटी काय करशील?”

“बघू.”

“बघू काय? मी रजा वाढवून घेतो, सोबतच जाऊ.”

“वाढव रजा,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “पण आठ दिवस मला काही विचारू नको. कुणालाच विचारू देऊ नको.”

भूषणने आतून उशी आणून दिली. त्या तिथेच, ओसरीत, भर दुपारी आडव्या झाल्या.