सोनाक्कांची न ठरणारी नजर

“रोग मेंदूत सुरू झालेला नाही. छातीत आहे,” पुण्याचे डॉक्टर म्हणाले. गाठ सुपारीपेक्षा मोठी होती.

नीला, अजय, हे पत्र तुम्हा दोघांसाठी. सोनाक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. तुम्ही त्यांना पाहिलेले नाही. घरात कोणी आजारी पडले तर उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

बहात्तर सालच्या चैत्रात, नगरकडच्या कर्जतला भाकरी थापताना त्यांचे हात झटके देऊ लागले. मग बुबुळे एका जागी ठरेनात. सारखी डावीउजवीकडे, वरखाली पळत. आठवड्यात उभे राहणे बंद झाले, एकेक शब्द बोलायलाही वेळ लागू लागला.

अंगात देवी आली म्हणून बायका ओटी भरायला आल्या. मी त्यांना अडवले.

“इंग्रजी शिकलेलीला देवी कुठनं दिसायची?” शेजारची गंगूबाई म्हणाली.

सोनाक्का अंथरुणातूनच अडखळत म्हणाल्या, “देवी असती तर भाकरी तरी थापू दिली असती गं.”

नगरच्या दवाखान्यात रक्त तपासले, पाठीच्या कण्यातले पाणी काढले. काही निघाले नाही. मी सगळी लक्षणे तारीखवार लिहून ठेवली होती. डॉक्टरांनी काही विचारले की कागद पाहून मीच उत्तर देई. “आणखी काही?” “नाही.” असे सात आठवडे गेले.

पुण्यात ‘ऑप्सोक्लोनस’ हे नाव कळले, म्हणजे नजर आपोआप नाचणे. डॉक्टर म्हणाले, “क्वचित कॅन्सर दुसरीकडे लपलेला असतो आणि बिघाड मेंदूत दिसतो. का, ते आम्हालाही नीट ठाऊक नाही. अंगावर कुठे गाठ?”

मी ‘नाही’ म्हणणार, तोच ते म्हणाले, “तुम्ही नको. त्यांना बोलू द्या.”

डॉक्टर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर वाट पाहत बसले.

“हाय की. दिवाळीपासनं,” सोनाक्का म्हणाल्या.

नर्सने पडदा ओढला. तपासणी झाल्यावर मी विचारले, “मला का नाही सांगितलंत?”

“तू ते कागदावर लिवलं असतंस. मग समद्या पुरुषमानसांनी वाचलं असतं.”

ऑपरेशननंतर महिन्याभरात नजर थोडी ठरली. एकदा माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, “लई वाळलीस गं.” पण रोग यकृतात पोचला होता. पुढची दिवाळी त्यांना दिसली नाही.

पुण्याच्या डॉक्टरांचे उपकार मी विसरलेले नाही. तुम्ही एवढेच करा. आजारी माणसाला एकटे गाठून विचारा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. सोनाक्कांना एक वाक्य बोलायला दोन-तीन मिनिटे लागत. तेवढा वेळ माझ्याजवळ होता.