फुकटचं कपाट

घरमालक काकांचा हात सढळ आहे, असं फक्त नव्या भाडेकरूला वाटायचं. खोली दाखवताना काका भिंतीशी उभ्या असलेल्या लोखंडी कपाटावर थाप मारत आणि म्हणत, "हे राहू दे तुम्हालाच. फुकट! फक्त हलवू नका, जड आहे." माणूस भारावून जायचा. पुढे कपड्यांना कुबट वास सुटला की कपाट हलायचं, मागची काळी, भुसभुशीत भिंत दिसायची आणि काकांचं दातृत्व उघडं पडायचं. इमारतीत सगळे त्यांना कपाटकाका म्हणत. तोंडावर नाही अर्थात. दुसरी खोली मिळणं सोपं थोडंच होतं?

तळमजल्यावरच्या शिवणवाल्या ताईंनी मात्र तोंडावर बोलून पाहिलं होतं. त्यांची लहान मुलगी तसल्याच ओल्या भिंतीपाशी झोपायची आणि खोकून खोकून निळी पडायची. डॉक्टर म्हणाले होते, "औषध देतो, पण आधी भिंत कोरडी करा." भिंतीतला पाइप गळत होता. तो बदलायचा कुणी? ज्याची इमारत त्यानं. एवढं साधं काकांना कळत नव्हतं असं नाही, कळून घ्यायचं नव्हतं.

"माणूस पाठवतो," काका म्हणायचे. माणूस कधी आला नाही. ताईंनी फारच पिच्छा पुरवला तेव्हा काका दारातूनच म्हणाले, "ओल इमारतीत नाही हो, तुमच्या सवयींत आहे. कपडे आत वाळवता, वाफ कोंडता, एवढ्याशा खोलीत इतकी माणसं श्वास घेता."

"मग श्वास काय पाळीपाळीनं घ्यायचा?" ताईंनी विचारलं.

काकांनी रंगाचा डबा पाठवला. उरलेला, तळाशी साका धरलेला. ताईंना संताप आला नाही, किळस आली. या माणसाला दुसऱ्याच्या लेकराचा खोकला ऐकू येत होता आणि तो खिडकी लावून घेत होता.

मग काकांच्या मुलीचं लग्न झालं. जावई घरचाच झाला, म्हणून काकांनी दोघांना ताईंच्या खोलीच्या अगदी वरची खोली दिली. मुलीला दिवस गेल्यावर तिनं पडदे शिवायला ताईंना बोलावलं.

ताई टेप घेऊन वर गेल्या आणि दारातच थबकल्या. भिंतीशी कपाट उभं होतं.

"बाबांनी दिलंय," मुलगी कौतुकानं म्हणाली आणि खोकली. "हलवू नका म्हणालेत, जड आहे."

ताईंना क्षणभर वाटलं, गप्प बसावं. खोकू दे काकांचंही माणूस, कळू दे जरा. पण तिचा हात पोटावर होता, आणि ताईंना स्वतःचीच लाज वाटली.

"जावईबापूंना बोलवा," त्या म्हणाल्या. "हे कपाट सरकवायचंय."

कपाट सरकलं. मागची भिंत छतापासून जमिनीपर्यंत काळी होती. ताईंनी आतल्या गळक्या पाइपाचं सांगितलं.

हाक मारल्याबरोबर काका आले. जिभेला वळण पडलेलंच होतं. "तुम्ही लोक कपडे आत वाळवता, त्यानं..." एवढं बोलून ते अडखळले. समोर भाडेकरू नव्हता, लेक होती.

"बाबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, तुझ्यासाठी कपाट नवंकोरं घेतलंय," काका कळवळून म्हणाले. "यांच्यासारखं जुनं नाही दिलं तुला."

ते खोटं बोलत नव्हते. ही त्यांची माया होती, आणि तिच्याइतकं गलिच्छ ताईंनी त्या भिंतीवरही काही पाहिलं नव्हतं.

लेक उठली. "आम्ही तुमच्या खोलीत राहायला येतो. पाइप बदलेपर्यंत तुम्ही इथे झोपा. या भिंतीपाशी."

काकांनी तिथंच प्लंबरला फोन लावला. नंबर शोधावाही लागला नाही, मोबाइलमध्ये होताच. पाइप वरपासून खालपर्यंत एकच होता, त्यामुळे ताईंचीही भिंत फुटली, बुजली आणि हळूहळू कोरडी झाली. त्यांच्या लहान मुलीचा खोकला उतरला.

परवा जिन्यात काका भेटले. "काय ताई," ते ऐटीत म्हणाले, "शेवटी पाठवला की नाही माणूस?"