कीड न लागलेला पियानो

माझे बाबा सुतार. नवं काम कमीच. जुनं फर्निचर घ्यायचं, डागडुजी करायची, पॉलिश मारायचं आणि विकायचं, हा त्यांचा खरा धंदा. कुणाच्याही घरी गेले की आधी टेबल ठोकून बघणार, मग पाणी पिणार. मावशीच्या नव्या घरी सगळे पडद्यांचं कौतुक करत होते, तेव्हा हे गृहस्थ जेवणाच्या टेबलाखाली आडवे झाले होते. "वरून नुसती चकाकी आहे, आत सगळा दाबलेला भुसा," असं त्यांनी तिथूनच जाहीर केलं. मावशी सहा महिने आमच्याशी बोलली नाही.

मला पियानो हवा होता. शाळेच्या हॉलमध्ये एक होता, पण शिपाई साडेचारच्या ठोक्याला कुलूप घालायचा. शिकवणाऱ्या बाईंनी तर तोंडावरच सांगितलं, "घरी वाद्य नसेल तर या वर्षी परीक्षेचा फॉर्म भरू नकोस." मी घरी येऊन रडले. बाबांनी ते मनावर घेतलं.

मग दर रविवारी आम्ही दोघं जुने उभे पियानो बघत हिंडायला लागलो. दुकानातल्या पियानोची किंमत ऐकून बाबांनी उघडलेलं झाकण हळूच बंद केलं, जणू आपण ते उघडलंच नव्हतं. एका हॉटेलवाल्याकडे स्वस्तात मिळत होता, पण त्याच्या अकरा पट्ट्या मुक्या होत्या आणि आत उंदरांनी संसार थाटला होता.

"उंदीर काय, हाकलले की जातील," हॉटेलवाला म्हणाला.

"मग आत उरेल काय?" बाबा म्हणाले.

शेवटी वाण्याच्या दुकानात भिंतीवर 'पियानो विकायचा आहे' अशी एक चिठ्ठी दिसली. चिठ्ठी लावणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. नवरा तीस वर्षं नाचाच्या वर्गात पियानो वाजवायचा, मागच्या वर्षी गेला. घर दोन खोल्यांचं, पण लख्ख. पुस्तकांचं कपाट, आतल्या खोलीत भक्कम पलंग, खिडकीशी नवऱ्याची हातांची खुर्ची आणि भिंतीला टेकून पियानो. मी एक पट्टी दाबली आणि मला कळलं, हाच. बाबांनाही कळलं. त्यांनी लगेच चेहरा पाडला. घासाघीस करायची असली की ते आधी चेहरा पाडायचे.

आता ती गोष्ट सांगायलाच हवी. बाबांच्या खिशात कायम एक पुडी असायची. पॉलिशपेपरने लाकूड घासलं की जो पिठासारखा भुगा पडतो, तो चहाच्या गाळणीने गाळून त्या पुडीत भरायचा. माल पसंत पडला की वाकून मागे बघायचं, चिमूटभर भुगा जमिनीवर सोडायचा, एखादं जुन्या खिळ्याचं भोक दाखवायचं आणि म्हणायचं, "कीड लागलीय." बाबा याला मीठ टाकणं म्हणायचे. धंद्यात सगळेच टाकतात, असंही म्हणायचे. आणि तो भुगा गाळायचं काम माझं होतं. त्या रविवारचाही मीच गाळला होता.

बाबा पियानोच्या मागे वाकले. मी दुसरीकडे बघायला लागले.

"कीड लागलीय, बाई. हे बघा."

त्या चष्मा लावून खाली बसल्या. भुग्याला बोट लावून बघितलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "अगं बाई! आणि मी हा तुमच्या गळ्यात मारायला निघाले होते. माफ करा हो मिस्त्री, मला खरंच माहीत नव्हतं."

"चालायचंच," बाबा म्हणाले. "पण लवकर हलवा. एकाला लागली की घरभर पसरते."

त्या पैसेच घेईनात. कीड लागलेल्या वस्तूचे पैसे कसले घ्यायचे, म्हणे. शेवटी बाबांनीच आग्रह करून निम्मे हातात ठेवले, आणि वर बाईच बाबांचे आभार मानत होत्या. तिथे माझी मान खाली गेली. पण मी तोंड उघडलं नाही. मला पियानो हवा होता.

पुढच्या रविवारी दोन हमाल आणि टेम्पो घेऊन गेलो. दारात भंगारवाल्याची गाडी उभी होती. तिच्यावर पलंगाच्या फळ्या होत्या, कपाटाची दारं होती आणि एक हात तुटलेली ती खुर्ची. बाबा तिथेच थबकले.

घर ओकंबोकं झालं होतं. पुस्तकं भिंतीशी रचलेली, आतल्या खोलीत गादी जमिनीवर. पियानो तेवढा प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला होता. बाईंचा पदर खोचलेला, हात फिनाइलने लाल झालेले.

"तुमच्यामुळे वेळेवर कळलं हो," त्या म्हणाल्या. "पलंगाला कान लावला, तर आत काहीतरी कुरतडल्यासारखं ऐकू आलं. म्हटलं, आता काहीच ठेवायला नको. खुर्चीचं जरा जिवावर आलं. ते गेले, तेव्हा तिच्यावरच बसले होते."

मला वाटलं, आता बाबा हमालांना हाक मारतील आणि निघू. मनात मी तेच मागत होते, याची मला आजही लाज वाटते.

"बाई," बाबा म्हणाले, "कीड नव्हती."

"काय?"

"भुगा मी टाकला होता. किंमत पाडायला."

त्यांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे, पलंगालाही नव्हती?"

"नव्हती."

बाबा धावत बाहेर गेले, पण गाडी कोपऱ्यावरून वळून गेली होती. ते धापा टाकत परत आले. म्हणाले, पूर्ण किंमत देतो, पलंग करून देतो, कपाट करून देतो, तशीच खुर्चीसुद्धा करून देतो. बाईंनी मान हलवली. "तशी कशी कराल? घेऊन जा तो पियानो. मला आता तो डोळ्यांसमोर नको."

मग त्या माझ्याकडे वळल्या. वर्गात पोरांकडे बघत असतील तशाच. "आणि तुला माहीत होतं?"

"नाही," मी म्हणाले.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"तिला नका विचारू, बाई," ते म्हणाले. "लहान आहे ती. तिला काय माहीत असणार?"

मी पंधरा वर्षांची होते. येताना मी टेम्पोत पुढे बसले, बाबा मागे पियानोला धरून उभे होते. त्यांनी मला एका शब्दाने काही म्हटलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.