उपरण्याखाली झालेली ट्रान्सफर

माझी ट्रान्सफर ज्यांनी करून दिली, ते बबनतात्या आज पहाटे गेले.

मी इथं मस्कतला, गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्टवर होतो. आण्णांचा फोन आला. आण्णा म्हणजे माझे वडील. ड्युटीच्या टायमाला ते कधी फोन करत नाहीत. नाव बघूनच मी फोर्कलिफ्ट बंद केली.

ज्यांना तात्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी लिहितो.

तात्या बैलांचे दलाल. भाटघरला आमच्या शेजारीच घर. उभा जन्म बैलबाजारात गेला.

फुटबॉलशी संबंध एवढाच, की त्यांच्या पोरानं क्रिकेटसाठी मोठा टीव्ही घेतला आणि स्वतः पुण्याला राहायला गेला. टीव्ही राहिला, तात्या राहिले. मग शनिवारी संध्याकाळी आम्ही पोरं तिथं जाऊन बसायला लागलो.

आमच्या सगळ्यांचा क्लब एकच. इंग्लंडमधला, लाल जर्सीवाला. आमच्यातलं कुणी तिकडं गेलेलं नाही, पण त्या क्लबाचा मालक कसा नालायक आहे हे आम्हाला पाठ.

पहिल्या मॅचला तात्या नुसते बघत होते. हाफटाइमला विचारलं, ह्यो नऊ नंबरवाला पसंत कुणी केला? आम्ही सांगितलं, मालकानं. मॅनेजरला दुसराच पाहिजे होता.

"म्हंजी औत धरणार एक आन् बैल आणणार दुसरा. चाललं मग."

त्या दिवसापासनं तात्या आमच्यात.

ट्रान्सफरचा, म्हणजे खेळाडू घ्यायचा-विकायचा सीझन आला की त्यांना चेव चढायचा. नवा खेळाडू घेतला की मोबाईलवर त्याचा व्हिडिओ दाखवा म्हणायचे. गोल बघायचेच नाहीत. चालताना दाखव म्हणायचे. तात्या, चालतानाचा व्हिडिओ कोण टाकतंय का, असं म्हटलं की उलट आम्हालाच विचारायचे, मग इकत घेणारानं बघितलं काय?

चुकायचे पण लई. स्पेनच्या एका पोराला त्यांनी बघताक्षणी "उन्हाळ्यात बसंल ह्यो" म्हणून नापास केलं. त्या पोरानं सीझनभर गोल मारले. आमच्यातला विकी प्रत्येक गोलाला मुद्दाम वळून तात्यांच्या तोंडाकडं बघायचा. तात्या तंबाखू मळत म्हणायचे, अजून उन्हाळा कुठं आलाय.

ऑफसाइड त्यांना शेवटपर्यंत पटला नाही. पुढं गेलेल्या गड्याला शिक्षा का, म्हणायचे.

मग आमचा लाडका डावा विंगर क्लब सोडून दुसरीकडं गेला. आमच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे पेटले. फितूर, गद्दार, काय काय लिहिलं. सगळ्यात जास्त मीच.

आणि त्याच आठवड्यात मला मस्कतचं काम आलं.

माझं काय सांगू. दहावी सुटली नाही. कापूरहोळला ढाब्यावर, मग गॅरेजला, मग टेम्पोवर. एका जागी बूड टिकत नव्हतं. हे काम मात्र मला खरंच पाहिजे होतं.

आण्णा म्हणाले, एकुलता एक हायस, जायचं न्हाई. पासपोर्ट कपाटात घातला आणि किल्ली करगोट्याला बांधली.

एजंट म्हणत होता, शुक्रवारपर्यंत सांग, नाहीतर दुसऱ्याला पाठवतो.

मी तात्यांना नुसतं सांगितलं होतं. काही करा असं म्हटलं नव्हतं.

गुरुवारी तात्या खांद्यावर उपरणं टाकून आमच्या ओट्यावर हजर. चहा झाला. म्हशीचं बोलून झालं. मग त्यांनी आण्णांचा हात हातात घेतला आणि वर उपरणं टाकलं.

बैलबाजार ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगतो. तिथं सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातावर कापड टाकायचं आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवतीच्यांना कळत नाही.

आण्णांनी हात ओढला. "बैल हाय का त्यो? इकायला आलाय व्हय?"

तात्यांनी हात सोडला नाही. "इकत न्हाई आण्णा. लोनवर मागतोय."

मग त्यांनी आण्णांना क्लबाची रीत सांगितली. चांगलं पोरगं घरच्या टीममध्ये बसून गंजायला लागलं की मालक त्याला थोडी वर्षं दुसरीकडं खेळायला देतो. पोरगं मालकाचंच राहतं. मुदत संपली की पुन्हा बोलायचं.

"आन् त्यो तिकडंच रमला तर?"

"तर मी मधी हाय. दलालाला धरा."

उपरणं हललं. तात्यांनी मान हलवली, जमत नाही म्हणून. परत हललं.

मी दारात उभा. आकडा माझाच ठरत होता आणि मला दिसत नव्हता.

तात्यांनी उपरणं उचललं, झटकलं, खांद्यावर टाकलं.

"दोन वर्सं. किल्ली द्या."

आण्णांनी दिली. माझ्याकडं न बघता.

निघताना तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता त्या डाव्या पोराला शिव्या दिऊ नगंस. त्येलाबी बाप आसंल."

एवढ्यावर थांबले असते तरी मी त्यांचा जन्मभर ऋणी राहिलो असतो.

पण मी गेल्यावर पहिल्याच शनिवारी ते आण्णांना घरातनं उठवून घेऊन गेले. म्हणाले, तुमचं पोरगं आत्ता तिकडं हीच म्याच बघतंय. चला.

टीव्हीपुढं कधी न बसणारा माझा बाप त्या दिवशी बसला. मग दर शनिवारी. मॅच संपली की मला फोन.

आधी आमचं बोलणं म्हणजे, जेवलास का? व्हय. ठेव मग.

आता मॅनेजर काढावा का ठेवावा यावर आम्ही भांडतो. आण्णा मला येडा म्हणतात, मी त्यांना. दोन वर्षं कधीच संपली. मुदत आण्णांनीच वाढवली, तात्यांच्या ओट्यावर बसून. मला नंतर कळवलं.

बाप मला इतक्या लांब आल्यावर मिळाला. तो तात्यांनी मिळवून दिला.

संध्याकाळी परत फोन लावला. आण्णा मातीवरनं आले होते. मी म्हटलं, तिकीट बघतो.

"नगं. म्या दिलाय खांदा. तुझ्या वाटचाबी दिला."

मला वाटलं, आता फोन ठेवतील.

तेवढ्यात म्हणाले, "शनिवारी पोरास्नी आपल्याकडं या म्हणलंय. भोरला टीव्ही सांगून आलोय. ते च्यानेल कुठलं लागतंय, तेवढं लिहून धाड."

धाडलं, तात्या.

राम राम घ्या.